बस, बोट आणि दोघं: स्वस्त प्रवासात या चुका टाळा

विमान टाळून बस, ट्रेन आणि फेरीबोटीनं देशामागून देश ओलांडायचं ठरवलं की तिकिटाचे पैसे वाचतात, यात वाद नाही. पण ते पुढे कुठे गळतात तेही बघायला हवं, आणि बहुतेक वेळा ते बंदरावर गळतात. बस चुकली तर तासा-दोन तासांनी दुसरी असते. बोट चुकली की दुसरी उद्या, आणि हंगाम सरल्यावर काही मार्गांवर थेट तीन-चार दिवसांनी. तोवरची खोली, जेवण आणि पुढच्या बसचं बुडालेलं तिकीट धरलं तर विमान स्वस्त पडलं असतं. त्यात दोघं असाल तर आणखी एक भानगड असते: सगळी तिकिटं, नकाशे आणि पासवर्ड एकाच्याच फोनमध्ये.

बंदराचं नाव अर्धवट वाचणं

तिकिटाच्या साइटवर ‘रोम’ लिहिलेलं असतं, पण बोट लागते चिवितावेक्कियाला, म्हणजे रोमपासून सुमारे 70 किलोमीटरवर. स्पेनहून मोरोक्कोला जाताना तर हमखास घोळ होतो. अल्जेसिरासहून सुटणाऱ्या बोटी टँजियर मेडला जातात. हे मोठं मालबंदर टँजियर शहरापासून 40 किलोमीटर लांब आहे. तरीफाहून सुटणारी बोट मात्र थेट शहरातल्या बंदरात नेऊन सोडते. त्यामुळे दोन भाड्यांची तुलना करताना पलीकडचं बसभाडं धरूनच करा, आणि रात्री उशिरा बस असते का तेही पाहा.

अथेन्सला तीन बंदरं आहेत: पिरेयस, राफिना आणि लाव्रिओ. तिन्ही एकमेकांपासून बरीच लांब. एकट्या पिरेयसमध्येच E1 ते E12 अशी गेटं आहेत, आणि चुकीच्या टोकाला उतरलात तर पाठीवर बोजा घेऊन केलेली ती पायपीट भांडणाला पुरेशी असते. गेट नंबर आदल्या दिवशी बघितला असला तरी निघायच्या दिवशी पुन्हा बघा.

घड्याळ आणि व्हिसा

कॉर्फू ते सारांदा हा ग्रीस-अल्बेनियामधला प्रवास वेगवान बोटीनं अर्ध्या तासाचा. अल्बेनियाचं घड्याळ ग्रीसच्या एक तास मागे आहे. समोरचा किनारा इतका जवळ की फोन कधीकधी पलीकडचं नेटवर्क पकडतो आणि वेळ आपोआप बदलून टाकतो. कॉर्फूत असताना फोन असा एक तास मागे गेला, तर तेवढ्यात तिथून सुटणारी बोट निघून जाते. तिकिटावरची वेळ नेहमी सुटणाऱ्या बंदराची असते. त्या दिवसापुरती फोनमधली ‘आपोआप वेळ’ बंद करून टाका.

याच मार्गावर दुसरा आणि जास्त महागडा सापळा आहे. शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांसाठीचा एकच सामाईक व्हिसा; ग्रीस त्यात आहे, अल्बेनिया नाही) ‘सिंगल एंट्री’ म्हणजे एकदाच प्रवेश देणारा असेल तर एका दिवसाच्या सहलीसाठी सारांदाला गेलात की तो संपला. कॉर्फूला परत प्रवेश नाही, मग सामान भले तिथल्या खोलीत पडलेलं असो. स्पेनहून टँजियरला जाऊन यायचं असेल तरी तेच. दोघांचे व्हिसा एकाच दिवशी एकाच ठिकाणाहून काढलेले असले तरी एकाला सिंगल आणि दुसऱ्याला मल्टिपल मिळू शकतो, म्हणून स्टिकर दोन्ही पासपोर्टवरचे वाचा. नकाशेही बदलत असतात. क्रोएशिया 2023 पासून शेंगेनमध्ये आहे, बल्गेरिया आणि रुमानियाच्या जमिनीवरच्या सीमाही 2025 पासून त्यात आल्या. त्यामुळे शेंगेनमध्ये 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस राहता येतं, त्याचा हिशोब जुन्या ब्लॉगवरून करू नका.

गाडी आत, माणूस बाहेर

स्वतःची गाडी घेऊन फिरणाऱ्यांची फजिती होते ती इथे. ग्रीस आणि इटलीतल्या बहुतेक बंदरांवर गाडीत फक्त चालकाला बसू देतात. सोबतच्या माणसानं उतरून पायी, वेगळ्या जिन्यानं चढायचं. रांगेत उभं असताना अचानक पिवळ्या जॅकेटमधला माणूस काचेवर टकटक करतो, मागच्या गाड्या हॉर्न वाजवतात, गाडी चालवणारा नवरा बायकोला म्हणतो, “तू उतर, मी पार्क करून येतोच.” ती उतरते. गाडी रॅम्पवरून पोटात गडप होते. मग जिन्यापाशी तपासनीस तिकीट मागतो आणि ती नवऱ्याला फोन लावते.

“अरे, माझं तिकीट तुझ्या फोनमध्ये आहे.”

“आणि पासपोर्ट?”

पासपोर्ट गाडीच्या डॅशबोर्डच्या खणात. तिचं जॅकेट मागच्या सीटवर. आणि बोट सुटली की गाड्यांचा मजला सुरक्षेसाठी बंद होतो. उतरायची घोषणा होईपर्यंत बहुतेक बोटींवर तिथे जाता येत नाही. मोठ्या सॅक खालच्या रॅकवर टाकणाऱ्या पायी प्रवाशांचंही हेच होतं.

उपाय अगदी साधा आहे. बंदरात शिरण्याआधीच प्रत्येकाच्या खांद्याला एक छोटी पिशवी हवी, त्यात स्वतःचा पासपोर्ट, तिकिटाची प्रत, एक बँक कार्ड, थोडी रोकड, औषधं, चार्जर आणि एक ऊबदार कपडा. दोन्ही कार्डं एकाच पाकिटात ठेवणं म्हणजे चोराची सोय करून ठेवणं. पार्क केल्यावर मजला क्रमांक आणि जिन्याच्या दाराचा रंग यांचा फोटो काढा. चुकामूक झाली तर रिसेप्शन काउंटरपाशी भेटायचं, हे आधीच ठरलेलं असू द्या. आत फोनला रेंज नसते, आणि बोटीच्या उपग्रह नेटवर्कवर रोमिंग लागलं तर बिल डोळे पांढरे करतं. तेव्हा फ्लाइट मोड.

डेकचं तिकीट

सर्वात स्वस्त तिकिटात जागा ठरलेली नसते. उन्हाळ्यातसुद्धा आतल्या हॉलमधला एसी रात्रभर गारठवतो आणि बाहेर वारा झोपू देत नाही, म्हणून स्लीपिंग बॅग वर घ्या. एकानं सामान सांभाळावं, दुसऱ्यानं पुढे जाऊन कोपरा धरावा. बोट लागत असेल तर मधल्या भागात, शक्य तितक्या खालच्या मजल्यावर बसा. टोकाला हेलकावे जास्त. मळमळ सुरू झाल्यावर गोळी फारशी चालत नाही, ती निघण्याआधी घ्यावी लागते आणि तिनं गुंगी येते. दोघांनी एकदम घेतली तर पहाटे उतरताना गाडी कोण चालवणार?

रात्रीच्या बोटीनं हॉटेलचे पैसे वाचतात हा हिशोबही अर्धाच आहे. पहाटे पाचला उतरवतात, खोली दुपारी मिळते. झोप न झालेल्या दोघांनी त्या वेळात कुठलाही मोठा निर्णय घेऊ नये.

वारा सुटला तर

जुलै-ऑगस्टमध्ये ग्रीसच्या एजियन समुद्रावर मेल्टेमी नावाचा जोरदार वारा सुटतो. जोर वाढला की बंदर अधिकारी बोटी रोखतात. आधी छोट्या वेगवान बोटी बंद होतात, मग मोठ्या. म्हणून बेटावरून विमान गाठायचं असेल तर आदल्या दिवशीच मुख्य भूमीवर या, आणि दिवसाच्या शेवटच्या बोटीवर काहीही अवलंबून ठेवू नका. पहिली चुकली तर निदान दुसरी असते.

बोट रद्द झालीच, तर युरोपीय संघातल्या बंदरातून सुटणाऱ्या प्रवासी बोटींना 1177/2010 हा नियम लागू आहे. रद्द झाली किंवा सुटायला 90 मिनिटांपेक्षा जास्त उशीर होणार असेल तर दुसऱ्या बोटीनं जायचं की पैसे परत घ्यायचे, हे प्रवाशानं निवडायचं असतं. परतावा 7 दिवसांत, आणि व्हाउचर घ्यायचं नसेल तर रोख किंवा बँकेमार्फत. हॉटेलचा खर्च (प्रवाशामागे रात्रीला 80 युरोपर्यंत, 3 रात्री) मात्र हवामानामुळे अडकल्यास मिळत नाही. लोक तिथेच वाद घालत बसतात, आणि मागे उद्याच्या बोटीच्या जागा भरत जातात. एकानं खिडकीच्या रांगेत राहावं, दुसऱ्यानं बाजूला बसून खोली शोधावी. तिकीट एजंटकडून काढलं असेल तर रद्द झाल्याचा मेसेज त्याच्याकडे जातो, म्हणून बुकिंगमध्ये दोघांचेही नंबर घाला. अडकल्यामुळे शेंगेन व्हिसाची मुदत संपत असेल तर कंपनीकडून रद्द झाल्याचं लेखी घ्या आणि मुदत संपायच्या आत पोलिसांकडे किंवा परदेशी नागरिकांच्या कार्यालयात जा. अशा अनपेक्षित कारणासाठी मुदतवाढ मिळू शकते, आणि तिला शुल्क नसतं.