हात लावण्याआधी विचारा: मालिशच्या कामात नव्यानं येणाऱ्यांसाठी

कोर्समध्ये हात कसा फिरवायचा, तेल किती घ्यायचं, चादर कशी पांघरायची हे सगळं नीट शिकवतात. कुणाला हात लावायचा नाही, हा भाग मात्र शेवटी शेवटी एक यादी वाचून उरकतात. मी दादर-परळ भागात घरोघरी जाऊन मालिश करते. त्या यादीचा प्रत्यक्षात फारसा उपयोग होत नाही, कारण यादीत आजारांची नावं असतात आणि गिऱ्हाईक आजाराचं नाव सांगत नाही. ते म्हणतं, "अंग दुखतंय."

पावसाळ्यात तर हे फार जपावं लागतं. जुलै-ऑगस्टमध्ये फोन येतो, "ताई, परवापासून अंग मोडून आलंय, पोटऱ्यांना तर हात लावू देत नाही. आज जमेल का?" ऐकायला वाटतं, हे तर आपलंच काम. मी विचारते, कणकण आहे का? गेल्या पंधरवड्यात साचलेल्या पाण्यातून चाललात का? दादरजवळच्या हिंदमाताला, जिथे पावसात पाणी तुंबतं, गुडघाभर पाण्यातून घरी आलेला माणूस तोवर ते विसरूनही गेलेला असतो. लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसची, सुरुवात अशीच होते: ताप, डोकेदुखी, पोटऱ्यांत जबरदस्त दुखणं. उंदराच्या लघवीतले जंतू पायावरच्या बारीकशा जखमेतून शिरतात आणि लक्षणं साधारण ५ ते १४ दिवसांनी दिसतात. डेंग्यूतही अंग असंच ठणकतं, आणि प्लेटलेट उतरल्या असतील तर आपल्या दाबानं कातडीखाली रक्त साकळतं. म्हणून अंगात ताप असेल तर मालिश नाही, मग तो अगदी किरकोळ का असेना. "चोळलं की घाम येऊन ताप उतरतो," असं घरातलं कुणीतरी मोठं माणूस ठासून सांगणारच. वाद घालू नका. "आधी डॉक्टरांना दाखवून रक्त तपासा, बरं वाटलं की मी येते," एवढं म्हणा. आणि पर्समधली दुखण्यावरची गोळी काढून देऊ नका. डेंग्यूत आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो.

दुसरा धसका एकाच पायाच्या सुजेचा. दोन्ही पाय सुजलेत तर कारणं वेगळी असू शकतात. पण एकच पोटरी फुगलेली, गरम, तुकतुकीत लाल आणि दाबली की दुखणारी असेल, तर आत शिरेत रक्ताची गुठळी झाली असण्याची शक्यता असते. चोळल्यानं ती सुटून फुप्फुसात गेली तर माणूस दगावू शकतो. अमेरिकेहून लांबच्या विमानानं नुकत्याच आलेल्या काकू, गुडघ्याचं ऑपरेशन झालेले आजोबा, प्लॅस्टर काढलेला मुलगा, बाळंतीण, यांच्या बाबतीत एकच पाय सुजलाय का, हे मी पहिल्यांदा विचारते. माझ्या पिशवीत शिंप्याची टेप असते. दोन्ही पोटऱ्या एकाच उंचीवर मोजते. डॉक्टर मंडळी ३ सेंटिमीटरहून जास्त फरक गांभीर्यानं घेतात, तेवढा दिसला की मी तेल उघडतसुद्धा नाही. पण फरक नाही म्हणजे गुठळी नाही असं समजू नका, आणि खात्री करायला पोटरी दाबून बघणं तर अजिबात नको. सोबत दम लागत असेल किंवा छातीत दुखत असेल तर थेट १०८ ला फोन.

छातीवरून आठवलं. "गॅस पाठीत अडकलाय, जरा रगडून दे," हे वाक्य या शहरात रोज कुठे ना कुठे बोललं जात असेल. गॅस असेलही. पण डावा खांदा, हात किंवा जबडा भरून आलाय, घाम फुटलाय, मळमळतंय, तर तो हार्ट अटॅक धरूनच चालायचं. मधुमेहींमध्ये आणि बायकांमध्ये तर छातीत दुखणं फारसं नसूनही अटॅक येऊ शकतो.

कंबर-पाठदुखी हा आपला रोजचा गल्ला, त्यामुळे तिथे डोळे जास्त उघडे हवेत. लोकलमध्ये उभं राहून आंबलेली कंबर विश्रांतीनं हलकी होते. जी पाठ रात्री आडवं झाल्यावर जास्त दुखते, सोबत संध्याकाळचा ताप आहे, वजन उतरतंय, तिथे मणक्याचा टीबीही असू शकतो, आणि मुंबईत टीबी काही दुर्मीळ नाही. कंबरदुखीबरोबर लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, जांघेत बधिरपणा आला, तर त्याच दिवशी हॉस्पिटल. उद्यावर टाकायचं नाही. म्हाताऱ्या बायकांची हाडं ठिसूळ असतात, त्यांच्या पाठीवर थापट्या आणि कोपराचा दाब दोन्ही बंद. मान मोडून 'कट्' आवाज काढायची फर्माईश झाली तर सरळ नाही म्हणा. मानेतल्या रक्तवाहिनीला चीर पडून पक्षाघात होऊ शकतो. मान मागे टाकून केस धुताना झालेल्या अशा पक्षाघातांची नोंद वैद्यकीय नियतकालिकात १९९३ सालीच झाली आहे.

गोळ्यांचं विचाराल तर "बीपी-शुगर आहे का?" या प्रश्नाला लोक सवयीनं नाही म्हणतात. मी म्हणते, "रोजच्या गोळ्यांची पट्टी दाखवता?" पट्टी खोटं बोलत नाही. वॉरफरीन किंवा क्लोपिडोग्रेल दिसलं की रक्त पातळ करायचं औषध चालू आहे हे कळतं. मग खोल दाब नाही, साध्या दाबानंही काळंनिळं पडतं. मधुमेह जुना असेल तर तळपायाला गरम-थंड कळत नाही, म्हणून कोमट तेलाची परीक्षा आपल्या मनगटावर घ्या, त्यांच्या पायावर नको. इन्सुलिन जिथे टोचलंय तिथे चोळलं तर औषध भराभर रक्तात उतरून साखर एकदम खाली येऊ शकते. ती जागा सोडून द्या.

बाळंतिणीच्या मालिशला हात घालणाऱ्यांना खरी परीक्षा आजीबाईंची द्यावी लागते. परवाच एका घरी सासूबाई म्हणाल्या, "आमच्या वेळी दहाव्या दिवसापासून पोट रगडून बांधायचे, तुझं काय नवीनच?" सुनेचं सिझेरियन झालेलं. मी म्हटलं, "आजी, आतले टाके बाहेरून दिसत नाहीत. डॉक्टर हो म्हणेपर्यंत पोट सोडून बाकी सगळं करते." हात-खांदे-पाठ केली, पोरगी तिथेच पेंगली, आजी गप्प झाल्या. बाळाच्या बाबतीतही थोडं स्पष्ट बोला: नाका-कानात तेल सोडायचं नाही, लस टोचलेली मांडी चोळायची नाही, दूध पाजल्या पाजल्या मालिश नाही. गरोदर बाईला पालथं झोपवू नये. उशा लावून डाव्या कुशीवर घ्यावं, आणि पायांवर जोर देऊ नये, कारण त्या दिवसांत गुठळीचा धोका वाढलेला असतो.

हे सगळं वाचून प्रत्येकालाच परत पाठवायला लागाल, तर तेही चूक. परळला टाटा हॉस्पिटलच्या आसपास उपचारांसाठी राहिलेली कितीतरी माणसं मालिशवाल्यांनी 'कॅन्सर' ऐकूनच टाळलेली असतात. डॉक्टरांची परवानगी असेल तर हलक्या हातानं पाय, तळवे, डोकं चोळता येतं. गाठीची जागा, रेडिएशन दिलेली कातडी, पोर्ट (केमोचं औषध सोडायला कातडीखाली बसवलेली छोटी डबी) असलेली बाजू आणि बगलेतल्या गाठी काढलेला हात तेवढा सोडायचा. गोळ्यांनी आटोक्यात असलेलं बीपी हेही नकाराचं कारण नाही. फक्त मालिश झाल्यावर झटकन उठू देऊ नका, चक्कर येते. आधी कुशीवर, मग बसवून, मग उभं करा.

गजकर्ण आणि खरूज ओळखायला शिका. दमट हवेत गजकर्ण इतकं पसरलंय की काखेत, जांघेत, कमरेच्या पट्ट्याखाली गोल चट्टा दिसला तर नवल वाटत नाही. तो भाग टाळून काम निभवू असं वाटेल, पण तेलाचा हात सगळीकडे फिरतो आणि पुढच्या घरी तुम्हीच ते घेऊन जाता. चादर-टॉवेल दर गिऱ्हाइकाला वेगळा, गरम पाण्यात धुतलेला. स्वतःच्या बोटाला चीर असेल तर त्या दिवशी सुट्टी.

एक वही ठेवा: तारीख, तक्रार, चालू औषधं, कुठे हात लावला नाही आणि का. परत पाठवलं असेल तर तेही लिहा, आणि "डॉक्टरांना दाखवून घ्या" असा व्हॉट्सॲप करून ठेवा. मात्र आजाराचं नाव आपण घ्यायचं नाही, आणि कुणाची गोळी बंद करायला सांगायचं तर मुळीच नाही.

नव्या घरी जाताना पत्ता घरच्यांना पाठवा, सोसायटीच्या गेटवर नाव लिहूनच आत जा. फोनवरच "फक्त मालिश ना?" असा सूर आला तर तिथेच ठेवून द्या. घरात गेल्यावर कुणी भलतंसलतं बोललं तर पैशासाठी थांबू नका, पिशवी उचलून निघा. प्यायलेल्या माणसाची मालिश करू नये, त्याला दुखलेलं कळत नाही आणि तुमचीही सुरक्षा राहत नाही.

पैशाचं म्हणाल तर तपासून परत पाठवलं की मी फक्त जायचा-यायचा खर्च घेते, आणि हे फोनवरच सांगून ठेवते. काही जण कुरकुरतात. काही पुढच्या महिन्यात रिपोर्ट घेऊन बोलावतात.