ताळेबंद सोडून कॅमेऱ्यामागे जाताना या चुका टाळा

बँकिंग, ऑडिट किंवा गुंतवणुकीच्या क्षेत्रातून माहितीपट आणि पुस्तकांकडे वळणारी माणसं मेहनती असतात. शेकडो पानांचे अहवाल वाचायचा त्यांना कंटाळा नसतो. तरी त्यांचं पहिलं काम बहुतेक वेळा ठरावीक जागीच अडकतं. जिथे हिशेब बाजूला ठेवायचा तिथे ते हिशेब मांडतात आणि जिथे पै-पैचा हिशेब हवा तिथे ‘नंतर बघू’ म्हणतात.

मुलाखतीत स्वतःचं ज्ञान दाखवणं

ही चूक इतक्या वेळा दिसते की तिच्यावर सविस्तरच लिहायला हवं. प्रश्न असा येतो: “म्हणजे त्या वर्षी कर्ज भांडवलाच्या तीसपट झालं होतं आणि संचालक मंडळाला ते माहीत होतं, बरोबर?” समोरचा म्हणतो, “हो, बरोबर.” विचारणाऱ्याला वाटतं, मोठी कबुली मिळाली. संकलनाच्या टेबलावर मात्र हातात राहतात दोन शब्द. सगळा ऐवज प्रश्नात गेला, आणि प्रश्नकर्त्याचा आवाज तर चित्रपटात ठेवायचाच नाही! दोन तासांची अख्खी मुलाखत अशी वाया जाते आणि तो माणूस पुन्हा कॅमेऱ्यासमोर बसेलच याची खात्री नसते.

त्याऐवजी विचारा: “ती बैठक कुठल्या खोलीत होती? आकडा कोणी वाचून दाखवला? वाचल्यावर पहिलं कोण बोललं?” सुरुवातीलाच सांगून ठेवा की उत्तर पूर्ण वाक्यात द्या, प्रश्न उत्तरात येऊ द्या. उत्तर संपलं की मनात पाचपर्यंत मोजा. त्या शांततेत माणूस जे दुसरं वाक्य बोलतो तेच बहुधा चित्रपटात राहतं. छापील प्रश्नावली मांडीवर घेऊ नका, एका कार्डावर पाच-सहा शब्द पुरे. मुलाखतीआधी विषय कळवावेत, प्रश्न पाठवू नयेत. पाठवले की पाठ केलेली उत्तरं येतात.

आवाजात कसूर नको. कॉलर माइक आणि बूम (काठीवरचा माइक) दोन्ही लावा, नमुना दर (सेकंदाला आवाजाचे किती नमुने टिपायचे तो) ४८ किलोहर्ट्झ ठेवा, आवाजाची शिखरं, म्हणजे सर्वांत मोठे आवाज, मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या आणि कानाला हेडफोन कायम असू द्या. शेवटी कोणालाही उठू न देता खोलीची शांतता ६० सेकंद रेकॉर्ड करा. ती नसेल तर प्रत्येक काप, म्हणजे दोन तुकड्यांमधला जोड, कानाला टोचतो. घाईत असलेले लोक नेमकं हेच मिनिट वाचवतात.

पडद्यावर आकडे ओतणं

१५ सप्टेंबर २००८ रोजी लेहमन ब्रदर्स या अमेरिकी गुंतवणूक बँकेने दिवाळखोरीचा अर्ज केला तेव्हा तिची मालमत्ता ६३९ अब्ज डॉलर होती. वाचकाला हा आकडा चालतो, कारण तो थांबून पुन्हा वाचू शकतो. प्रेक्षकाला ती मुभा नाही. लोकांच्या लक्षात राहिले ते पुठ्ठ्याची खोकी हातात घेऊन बाहेर पडणारे कर्मचारी. एका प्रसंगात एकच आकडा ठेवा, तोही माणसाच्या तोंडून आलेला. बाकीचे पुस्तकासाठी जपून ठेवा.

परवान्यांचा हिशेब शेवटावर ढकलणं

ताळेबंद कोळून प्यायलेली माणसंही इथे घसरतात, आणि याचं मला खरंच वाईट वाटतं. जुन्या बातम्यांच्या फिती, छायाचित्रं, गाणी यांचा परवाना म्हणजे मुदत असलेलं दायित्व. मुदत संपली की तुमचा चित्रपट तुमच्याच कपाटात बंद होतो.

अमेरिकेतल्या नागरी हक्क चळवळीवरची ‘आईज ऑन द प्राइझ’ ही हेन्री हॅम्प्टन यांची मालिका पाहा. पहिले सहा भाग १९८७ मध्ये आले, पुढचे आठ १९९० मध्ये. शाळा-महाविद्यालयांत ती शिकवली जात होती. पण संग्रहातली दृश्यं, छायाचित्रं आणि गाणी यांचे अनेक परवाने मर्यादित मुदतीचेच परवडले होते. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर ते संपू लागले आणि मालिका पुन्हा प्रसारित करणं, नव्याने विकणं अशक्य झालं. हॅम्प्टन १९९८ मध्ये गेले. परवाने नव्याने घेण्यासाठी फोर्ड फाउंडेशनसह इतरांकडून निधी उभा राहिला, तेव्हा कुठे २००६ मध्ये ती सार्वजनिक दूरचित्रवाणीवर परत दिसली. कामात कुठलीच उणीव नव्हती. पैसे नव्हते म्हणून मुदत तोकडी घ्यावी लागली आणि त्याची किंमत पुढच्या प्रेक्षकांनी मोजली.

म्हणून पहिल्या कच्च्या जुळणीपासूनच एक तक्ता ठेवा: टाइमकोड (तुकडा चित्रपटात कुठे येतो ती वेळ), स्रोत, सेकंदांत लांबी, हक्कधारक, माध्यमं, प्रदेश, मुदत, दर. बहुतेक संग्रह किमान लांबीचे पैसे लावतात, त्यामुळे चार सेकंदांचा तुकडाही महाग पडू शकतो. सुरुवातीला फक्त महोत्सवांपुरता परवाना घ्यायला हरकत नाही, पण सर्व माध्यमं, सर्व जग आणि कायम मुदत यांचा दर त्याच पत्रात लिहून घ्या. चित्रपट गाजल्यावर दर विचारायला गेलात तर तो वाढलेलाच मिळेल. गाण्याला दोन परवाने लागतात, रचनेचा वेगळा आणि ध्वनिमुद्रणाचा वेगळा. एक मिळाला म्हणून सुटलो, असं समजू नका. संकलन करताना तात्पुरतं म्हणून प्रसिद्ध गाणं टाकूच नका. महिनाभर ऐकलं की दुसरं काहीच पसंत पडत नाही. ‘वाजवी वापर’ (परवान्याशिवाय मर्यादित वापर) हा बचाव देशादेशात वेगळा आहे, तेव्हा या विषयातल्या वकिलाचा लेखी सल्ला घ्या. प्रसारक चुका-वगळणुकीचा विमा (हक्कांवरून दावा झाला तर संरक्षण देणारा) मागतो आणि विमा कंपनी हेच कागद मागते.

रोख प्रवाह

अर्थसंकल्प सुबक असतो, पण पैसा हप्त्यांनी येतो. शेवटचा हप्ता चित्रपट सुपूर्द केल्यावर. ध्वनिमिश्रण, रंगसंस्करण (दृश्यांचे रंग जुळवणं), परवाने ही मोठी बिलं मात्र त्याच्या आधीच येतात. मधलं खिंडार कसं भरणार हे चित्रीकरणाआधी ठरवा. अनपेक्षित खर्चासाठी १० टक्के वेगळे काढा आणि चित्रीकरणात त्यांना हात लावू नका.

साठवण

१०० मेगाबिट प्रतिसेकंद दराने चित्रण केलं की तासाला ४५ गिगाबाइट होतात. ६० तासांचे २.७ टेराबाइट, तीन प्रतींचे ८.१. तिसरी प्रत वेगळ्या इमारतीत हवी. दोन प्रती तपासून झाल्याशिवाय कार्ड पुसायचं नाही, रात्रीचे दोन वाजले असले तरी.

महागडा कॅमेरा आधी विकत घेऊ नका. भाड्याने घ्या.

एकाच साहित्यातून चित्रपट आणि पुस्तक

संमतीपत्र फक्त चित्रपटापुरतं असेल तर तीच मुलाखत पुस्तकात वापरताना अडचण येते. पहिल्याच दिवशी त्यात पुस्तक, ध्वनी आणि लिखित उतारा घाला. प्रकाशकाच्या करारात चित्रपटाचे हक्क कोणाकडे जातात ते सहीआधी वाचा. तुमचाच माहितीपट त्यात अडकू शकतो.

नव्वद मिनिटांच्या माहितीपटात साधारण नऊ-दहा हजार शब्द बोलले जातात, पुस्तकाला सत्तर-ऐंशी हजार लागतात. पटकथा फुगवून पुस्तक होत नाही. आराखडा नव्याने करा. मुलाखतींचे लिखित उतारे यंत्राकडून काढून घेतलेत तरी ध्वनीशी ताडून स्वतः वाचा. ‘अब्ज’च्या जागी ‘लाख’ पडलेलं यंत्राला कळत नाही, आणि चाळीस तास ऐकताना जे सापडतं ते शोधयंत्रात शब्द टाकून सापडत नाही. इथे आखूड वाट नाही.

जुनी नोकरी, जुने शेअर

पूर्वीच्या मालकाकडचे गोपनीय कागद संशोधन म्हणून वापरू नका. तीच माहिती न्यायालयीन नोंदी, नियामकांचे आदेश आणि कंपन्यांची जाहीर विवरणपत्रं यांतून पुन्हा उभी करा. ज्या कंपनीवर काम करणार तिचे शेअर तुमच्याकडे असतील तर पहिल्या फोनआधीच विका, नाहीतर निर्मात्याला आणि प्रकाशकाला लेखी कळवा. मुलाखत सुरू झाल्यावर विकायला गेलात आणि समोरच्याने अजून जाहीर न झालेली माहिती सांगितलेली असली, तर तो व्यवहार कायद्याच्या कचाट्यात सापडू शकतो.