इंग्रजीच्या चुकांखालची मराठी

फोर्टमधल्या एका ऑडिट फर्ममध्ये लागून मला जेमतेम तीन महिने झाले होते. एका क्लायंटचा फोन आला, ‘शुक्रवारी कागद पाठवतो, मॅडमना सांगा.’ मी लगेच मॅनेजर मॅडमना मेल टाकला : ‘ही सेड दॅट आय विल सेंड द पेपर्स ऑन फ्रायडे.’ शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता मॅडम माझ्या टेबलापाशी. ‘कुठेयत कागद?’ मी म्हटलं, ‘मॅडम, ते पाठवणार होते ना.’ त्यांनी माझाच मेल उघडून समोर धरला. ‘इथे तर तुम्ही लिहिलंय, मी पाठवीन.’

‘तो म्हणाला की मी पाठवतो’ यातला ‘मी’ कोण, हे कुठल्याही मराठी माणसाला विचारावं लागत नाही. म्हणणाराच ‘मी’. इंग्रजीत ‘दॅट’ लावला की ‘आय’ म्हणजे मेल लिहिणारी. गंमत म्हणजे शाळेत डायरेक्ट-इनडायरेक्टचे मार्क मी कधी सोडले नव्हते. तिथे अवतरणचिन्हं आयती असायची. ती काढायची, ‘आय’चं ‘ही’ करायचं, ‘विल’चं ‘वुड’ करायचं, झालं. फोनवर बोलणारा माणूस अवतरणचिन्हं देत नाही.

मी भांडुपची, दहावीपर्यंत मराठी माध्यमातली. ज्यांना पेपर वाचून कळतो, मेल लिहिता येतो, तरी लिहिलेलं परत वाचताना कुठेतरी खडा लागतो, त्यांच्यासाठी हे लिहितेय. अगदी पहिल्या पायरीवर असाल तर यातलं बरंचसं सध्या बाजूला ठेवा.

त्या शुक्रवारनंतर मी जे केलं ते बहुतेक सगळे करतात. फाउंटनच्या फुटपाथवरून कठीण शब्दांचं एक जाडजूड जुनं पुस्तक आणलं आणि ‘ए’पासून पाठ करायला बसले. अबेट, ॲब्स्टेमियस, ॲक्रिमनी. ‘बी’ कधी उजाडलाच नाही. जे थोडे डोक्यात राहिले ते जागा मिळेल तिथे घुसवायला लागले. एका रिपोर्टमध्ये ‘अ प्लेथोरा ऑफ व्हाउचर्स’ लिहिलं. प्लेथोरा म्हणजे नुसतं ‘भरपूर’ नव्हे, गरजेपेक्षा जास्त, नकोसं व्हावं इतकं. क्लायंटला मी त्यांचे व्हाउचर अति झाले असं सांगत होते.

आमच्या बिल्डिंगमध्ये एक काका राहतात. एका इंग्रजी दैनिकात आयुष्यभर प्रूफं तपासून निवृत्त झालेले. त्यांना तो रिपोर्ट दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. ‘पिठल्यात केशर कशाला घातलंस? आधी मीठ बघ की.’ मग लाल पेनने एका पानावर सतरा खुणा केल्या. त्यात कठीण शब्द एकच होता, बाकी सगळी ‘ए’, ‘द’, ‘इन’, ‘ऑन’ची भानगड.

काकांनी वही करायला लावली. दोनशे पानी, साधी. डाव्या पानावर मी लिहिलेलं चुकीचं वाक्य आणि त्याच्याखाली माझ्या मनात आधी आलेलं मराठी वाक्य. उजव्या पानावर दुरुस्त इंग्रजी. मधली मराठी ओळ मला सुरुवातीला वेळखाऊ वाटायची. दोन महिन्यांनी पानं उलटून पाहिली तेव्हा कळलं की वहीतला खरा माल तोच आहे. माझ्या चुका शंभर तऱ्हेच्या नव्हत्या, सात-आठच होत्या, आणि जवळजवळ प्रत्येकीच्या खाली एक निर्दोष मराठी वाक्य होतं.

‘तो माझ्यावर रागावला’, म्हणून ‘अँग्री ऑन मी’. इंग्रजीला ‘विथ’ हवा. ‘त्याच्याशी लग्न केलं’, म्हणून ‘मॅरिड विथ’, तिथे मात्र ‘टू’. ‘गणितात हुशार’, म्हणून ‘गुड इन मॅथ्स’, हवं ‘ॲट’. आपण परीक्षा देतो म्हणून ‘गिव्ह ॲन एग्झाम’, पण इंग्रजीत विद्यार्थी परीक्षा ‘टेक’ करतो किंवा तिला ‘सिट’ करतो, ‘गिव्ह’ करतात ते मास्तर. आपण कशाबद्दल तरी चर्चा करतो, म्हणून ‘डिस्कस’च्या शेपटीला ‘अबाउट’, जो तिथे मुळीच नको. आणि आपला लाडका ‘च’! ‘आजच’चं ‘टुडे इटसेल्फ’, ‘इथेच आहे’चं ‘आय ॲम हिअर ओन्ली’.

‘पासून’ने मला सगळ्यात जास्त छळलं. मराठीत गणपतीपासून पाऊस पडतोय आणि दोन आठवड्यांपासूनही पडतोय, शब्द एकच. इंग्रजी इथे फाटा फोडते. जिथून मोजायला सुरुवात केली तो क्षण असेल तर ‘सिन्स’, मोजून आलेली लांबी असेल तर ‘फॉर’. वर आपल्याकडे साधा वर्तमानकाळ चालतो, ‘मी सव्वीस वर्षांपासून भांडुपला राहते’. त्याचं माझं भाषांतर ‘आय स्टे इन भांडुप सिन्स ट्वेंटी-सिक्स इयर्स’. एका वाक्यात तीन घसरण्या : ‘सिन्स’, काळ आणि ‘स्टे’. मुंबईत ‘व्हेअर डू यू स्टे’ विचारतात ते ठीक, पण बाहेरच्या माणसाला त्यातून हॉटेलातला मुक्काम ऐकू येतो. ‘आय हॅव बीन लिव्हिंग इन भांडुप फॉर ट्वेंटी-सिक्स इयर्स’ हे सहज तोंडात बसायला मला एक अख्खा पावसाळा लागला.

जर-तरची चूक बरीच शिकलेली माणसंही करतात. ‘मी आधी पाहिलं असतं तर सांगितलं असतं.’ दोन्हीकडे ‘असतं’. त्यामुळे हात आपोआप दोन्हीकडे ‘वुड हॅव’ लिहितो : ‘इफ आय वुड हॅव सीन इट, आय वुड हॅव टोल्ड यू’. जरच्या बाजूला नुसतं ‘हॅड सीन’ हवं. बोलताना आपण ‘जर’ गाळतो, ‘पाहिलं असतं तर’ एवढंच म्हणतो. इंग्रजीतही ‘इफ’ गाळता येतो, फक्त मग ‘हॅड’ पुढे आणायचा : ‘हॅड आय सीन इट’. पुस्तकं याला वरच्या पातळीचं व्याकरण म्हणतात. मला ते ओळखीचं वाटलं.

‘ए’ आणि ‘द’वर एक स्वतंत्र वही होईल. मराठीत आर्टिकल नाही हे सगळे सांगतात, पण मराठीत काहीच नाही असंही नाही. काकांनी मासळीबाजारातलं उदाहरण दिलं. ‘मी एक पापलेट घेतलं. ते पापलेट शिळं निघालं.’ पहिल्यांदा ‘एक’, कारण ऐकणाऱ्याला कुठलं ते माहीत नाही, म्हणून ‘अ पॉम्फ्रेट’. दुसऱ्यांदा ‘ते’, कारण आता ते दोघांच्याही ओळखीचं झालं, म्हणून ‘द पॉम्फ्रेट’. नामाआधी थांबायचं आणि समोरचा ‘कुठलं?’ विचारेल का, एवढंच बघायचं. हे सगळीकडे चालत नाही, पण माझ्या निम्म्या खुणा त्याने गेल्या. उरल्यासुरल्यात ‘ॲडव्हाइस’, ‘इन्फर्मेशन’, ‘इक्विपमेंट’ ही मोजता न येणारी मंडळी होती. त्यांना ना ‘ॲन’ लागत, ना शेवटी ‘एस’. आणि ‘ॲन’ अक्षर बघून नाही, उच्चार ऐकून लावायचा : ‘ॲन एमएलए’, पण ‘अ युनिव्हर्सिटी’.

आता शब्दसंग्रह. मी तो सोडला नाही, यादी बदलली. मायकेल वेस्ट नावाच्या इंग्रज शिक्षकाने, ज्याची उमेदीची वर्षं बंगालमध्ये शिकवण्यात गेली, १९५३ साली इंग्रजीतल्या सगळ्यात कामाच्या सुमारे २००० शब्दांची यादी छापली. त्या शब्दांच्या पलीकडे अभ्यासाच्या आणि कामाच्या लिखाणात वारंवार येणारी ५७० शब्दकुटुंबं (एक मूळ शब्द आणि त्याची भावंडं) न्यूझीलंडच्या ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली निवडली. ही दुसरी यादी इंटरनेटवर फुकट मिळते. त्यात ॲक्रिमनी नाही. त्यात डिराइव्ह, ॲलोकेट, कन्सिस्टंट, सब्सिक्वेंट आहेत. वाचले की वाटतं, हे तर येतात. मग कागद घेऊन प्रत्येकाचं एक वाक्य लिहून बघा. ‘कन्सिस्टंट’नंतर काय येतं, ‘डिराइव्ह’नंतर काय येतं, इथे माझी विकेट पडली.

कारण शब्द एकटा येत नाही. मराठीत हाक मारतात, शपथ घेतात, पैज लावतात. कुणी ‘मी त्याला हाक केली’ म्हटलं तर अर्थ कळेल, पण बोलणारा इथला नाही हेही कळेल. इंग्रजीतही तसंच. लक्ष ‘पे’ करायचं, निर्णय ‘मेक’ करायचा, पाऊस ‘हेवी’ आणि चहा ‘स्ट्राँग’. म्हणून माझ्या कार्डावर मराठी अर्थ नसतो. एक पूर्ण वाक्य असतं, शब्दाच्या जागी रेघ, आणि पाठीमागे शब्द त्याच्या जोडीदारासकट.

कार्डं मिठाईच्या खोक्यात पुठ्ठ्याचे तीन कप्पे करून ठेवली. पहिला कप्पा रोज, दुसरा तीन दिवसांनी, तिसरा रविवारी. बरोबर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं की थेट पहिल्यात. ही पद्धत झेबास्टियान लाइटनर नावाच्या जर्मन पत्रकाराने १९७०च्या दशकात लोकांपुढे आणली. मोबाइलवर हेच करणारी ॲप्स आहेत, पण स्लो लोकलच्या लेडीज डब्यात चौथ्या सीटवर टेकून कार्डं सरकवणं मला सोपं जातं. भांडुप ते सीएसएमटी तीस कार्डं आरामात होतात, विक्रोळी-घाटकोपरची गर्दी धरूनसुद्धा.

संस्कृतचा थोडा गंध असेल तर आणखी एक सोय आहे. ‘पाद’ आणि लॅटिनमधला ‘पेड’ ही एकाच घराण्यातली भावंडं. पायी चालणारा तो पेडेस्ट्रियन. पायात अडथळा म्हणजे इम्पीड, पाय मोकळे करणं म्हणजे एक्स्पिडाइट. दंत आणि डेंटिस्टचंही नातं तसंच. मात्र पीडियाट्रिकमधलं ‘पीड’ ग्रीक आहे, त्याचा अर्थ मूल. नातं जुळलं असं वाटलं की एकदा डिक्शनरीत बघाच. आणि उधारी एकाच बाजूची नाही. इंग्रजीतला मंगूस आपल्याकडून गेलाय, आपलं मुंगूस. अनेकवचन मंगूसेस, ‘गूस’चं ‘गीस’ होतं तसं इथे होत नाही.

‘रोज अग्रलेख वाच’ हा सल्ला मला दहा जणांनी दिला. माझं मत वेगळं आहे. अग्रलेखात लेखक स्वतःची शैली मिरवत असतो, शिकणाऱ्याच्या हाती त्यातली झालर तेवढी येते. मी कोर्टाच्या बातम्या आणि मृत्युलेख वाचते. तिथे काळ नीट पाळलेले असतात, कोण काय म्हणालं हे नीट सांगितलेलं असतं, म्हणजे माझ्या दुखण्यावरचंच औषध. त्यातला सहा ओळींचा एक तुकडा घ्यायचा, मराठीत उतरवायचा, मूळ झाकायचं, दुसऱ्या दिवशी मराठीवरून परत इंग्रजी करायचं आणि मग ताडून बघायचं. सोळाव्या शतकात रॉजर ॲस्कम हा इंग्रज मास्तर मुलांना लॅटिन याच युक्तीने शिकवायला सांगत असे. आठवड्यातून तीनदा अर्धा तास, याहून जास्त मला झेपलं नाही.

बोलण्याबद्दल मी फार सांगू शकत नाही, माझं अजून अडखळतं. एवढंच की ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ आपण एका ‘व’वर भागवतो, तिथे ओठांकडे लक्ष द्या. ‘व्ही’ला वरचे दात खालच्या ओठाला लागतात, ‘डब्ल्यू’ला ओठांचा चंबू होतो.

परीक्षेसाठी वाचणाऱ्यांना थोडं. परदेशात पुढच्या शिक्षणाला जाण्यासाठी देतात त्या जीआरई परीक्षेने विरुद्धार्थी शब्दांचे प्रश्न २०११मध्येच काढून टाकले, आता शब्द वाक्यात बसवायचा असतो. तरी क्लासवाले जुन्या याद्या अजून खपवतात. परदेशी जाणाऱ्यांचं इंग्रजी तपासणाऱ्या आयईएल्ट्स परीक्षेच्या लेखनात शब्दसंपदेला चौथा हिस्सा आणि व्याकरणाला चौथा हिस्सा असतो, आणि व्याकरणात अचूकपणाइतकंच वाक्यांचं वैविध्य बघतात. मी सगळी वाक्यं छोटी, बिनचूक लिहून पहिल्यांदा ५.५ आणला होता. दीड वर्षाने जर-तर, ‘ऑल्दो’, ‘हॅविंग चेक्ड’ असं काय काय निर्धास्तपणे वापरून ७ आला. परदेशी जाणं राहिलं ते राहिलंच, घरच्या कारणाने.

आणि ‘प्रीपोन’ची लाज बाळगू नका. सोयीचा शब्द आहे, डिक्शनरीतही आलाय. ‘कझिन ब्रदर’ घरात खुशाल म्हणा. फक्त लंडनच्या क्लायंटला ‘आय पास्ड आउट इन २०१६’ लिहू नका, तो समजेल तुम्हाला चक्कर आली होती.

सध्या माझी चौथी वही चालू आहे. काकांना हल्ली बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून मी वाचून दाखवते आणि ते नुसता हात वर करतात, की समजायचं इथे खडा आहे. परवाच्या मेलमध्ये एकदाच हात वर झाला. ‘डिस्कस अबाउट’.