फझची करकर कशी गेली

रॉक गिटारवादक जिमी हेंड्रिक्सचा टोन काढायचा म्हणून स्ट्रॅटोकास्टर ही इलेक्ट्रिक गिटार, फझ फेस (आवाज मुद्दाम फाडून जाड करणारं फझ पेडल), व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प असं सगळं जमवलं, तरी आवाज पातळ आणि करकरीतच. दोन आठवडे अ‍ॅम्पचा ट्रेबल कमी-जास्त करत बसलो. दोष तिथे नव्हताच.

गिटार आणि फझच्या मधोमध ट्यूनर पेडल होतं, आणि त्यात बफर, म्हणजे सिग्नल कमजोर न होता पुढे पाठवणारं सर्किट. १९६६ साली आलेल्या फझ फेसचं सर्किट फक्त दोन ट्रान्झिस्टरचं, इनपुट इम्पीडन्स (आत येणाऱ्या सिग्नलला होणारा विरोध) अगदी कमी. त्याला पिकअपची (तारांची कंपनं टिपणाऱ्या गिटारवरच्या भागाची) कॉइल थेट जोडलेली लागते; मध्ये बफर आला की फझ ओरडायला लागतो. ट्यूनर फझनंतर लावला आणि पहिल्याच सुरात आवाजाला अंग आलं!

खरी गंमत पुढे. फझ पूर्ण उघडा ठेवून गिटारचा व्हॉल्यूम १० वरून ६-७ वर आणला, की आवाज काचेसारखा स्वच्छ. बफर असताना हे कधीच होत नव्हतं.

तारा अर्धा सूर उतरवून ई फ्लॅटला लावल्या, बेंड (तार ओढून सूर चढवणं) सैलसर झाले. हेंड्रिक्स उजव्या हाताची गिटार उलटी वाजवायचा, त्यामुळे ब्रिजजवळच्या (तारा गिटारच्या अंगावर टेकतात तिथल्या) तिरक्या पिकअपचा तिरकेपणाही उलटा होई. ते मात्र मी सोडून दिलं.