पॅच लावल्यावर मारिओ काळ्या पडद्यावर अडकतोय? आधी बाइट मोजा

सुपर निन्टेन्डोवरच्या ‘सुपर मारिओ वर्ल्ड’ला चाहत्यांनी बनवलेला आयपीएस पॅच (गेमच्या फाइलीत कुठे काय बदलायचं ते सांगणारी छोटी फाइल) लावला आणि गेम सुरूच होईना, की दोष पॅचचाच वाटतो. माझे दोन रविवार यात गेले. गोम बहुतेकदा मूळ फाइलीच्या सुरुवातीला चिकटलेल्या 512 बाइटच्या हेडरमध्ये, म्हणजे गेमचा भाग नसलेल्या जादा तुकड्यात, असते. आयपीएस काही तपासत नाही. हेडरमुळे जागा सरकलेली असली तरी बिनदिक्कत लिहून मोकळा होतो.

1. मूळ रॉमवर, म्हणजे गेमच्या फाइलीवर, राइट-क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये ‘साइझ’ बघा. शेजारचा ‘साइझ ऑन डिस्क’ नव्हे, तो आकडा फसवतो.
2. 5,24,288 बाइट म्हणजे हेडर नाही. 5,24,800 म्हणजे आहे.
3. पॅचसोबतच्या रीडमीत कोणती फाइल हवी ते वाचा. हेडर नको असेल तर हेक्स एडिटरमध्ये (फाइलीतले बाइट थेट दाखवणारा-बदलणारा प्रोग्रॅम) पहिले 512 बाइट (000 ते 1एफएफ) निवडून डिलीट करा. बाइट शून्य करून भागत नाही, काढूनच टाकायचे.
4. मग प्रतीवर पॅच लावा. मूळ फाइल ‘रीड-ओन्ली’ करून बाजूला ठेवा.

पॅच बीपीएस या दुसऱ्या प्रकारचा असेल तर निम्मी डोकेदुखी वाचते, कारण चुकीची फाइल दिली की तो लावायलाच नकार देतो.

एक मात्र सांभाळा: लुनार मॅजिकमध्ये (या गेमच्या लेव्हल बदलायचा प्रोग्रॅम) स्वतः लेव्हल बनवून मित्रांना द्यायची असेल, तर फक्त पॅच द्या. अख्खा रॉम वाटणं म्हणजे कॉपीराइटचा भंग.