हिवाळी ॲडव्हेंचर रेसमध्ये पहिल्यांदा उतरताना

अमेरिकेच्या ईशान्येकडच्या डोंगरांत आणि त्याला लागून असलेल्या कॅनडात हिवाळ्यातही ॲडव्हेंचर रेस होतात. दोन ते चार जणांचा संघ नकाशा आणि होकायंत्र घेऊन बर्फात उतरतो आणि दिवसभर चेकपॉइंट, म्हणजे नकाशावर दाखवलेली ठरावीक ठिकाणं, शोधत फिरतो. काही टप्पे स्नोशू (बर्फात पाय रुतू नये म्हणून बुटांखाली बांधायच्या रुंद चौकटी) घालून असतात, काही क्रॉस-कंट्री स्कीवर, काही फॅट बाइकवर (जाड टायरच्या सायकलवर), आणि मध्येच एखादा दोराचा टप्पा येतो. वाट आखून दिलेली नसते. व्हरमाँटमधल्या बोल्टन व्हॅलीची ‘फ्रिजिड इन्फ्लिक्शन’ ही या प्रकारातली नावाजलेली रेस. बोस्टन, न्यू जर्सी, टोरांटोकडे राहणाऱ्या आणि इकडे सह्याद्रीत मनसोक्त फिरलेल्या मराठी मंडळींना हा खेळ मनापासून आवडेल, याची मला खात्री आहे. पुण्याची एन्ड्युरो थ्री ही तिघांच्या संघाची ॲडव्हेंचर रेस ज्यांनी केली आहे त्यांना संघाचं गणित आधीच माहीत असतं. त्यांना शिकायची असते ती थंडी.

थंडीत सगळ्यात महाग पडतं ते थांबणं. चालत्या माणसाचं शरीर भट्टीसारखं तापत असतं, तोच माणूस घामाने भिजलेला असताना पाच मिनिटं उभा राहिला की गारठतो. म्हणून सगळी तयारी एकाच हिशोबाने करायची: संघाला कुठे कुठे थांबावं लागेल आणि ते थांबणं कमी कसं करता येईल.

१. रेस निवडा आणि नियम छापून घ्या

पहिल्या खेपेला सहा ते दहा तासांची रेस पुरे. चोवीस तासांच्या वाटेला जाऊ नका. नियमांत तीन गोष्टी बघा: सक्तीच्या सामानाची यादी, जीपीएस चालतं की नाही (बहुतेक ठिकाणी चालत नाही), आणि कोणता टप्पा किती वाजेपर्यंत पार करायचा. आणखी एक नियम जवळजवळ सगळीकडे असतो. संघातल्या सगळ्यांनी कायम एकमेकांजवळ राहायचं आणि एकत्रच शेवट गाठायचा. १९८९ साली न्यूझीलंडमध्ये झालेल्या ‘रेद गोलुआझ’ या पहिल्या मोठ्या रेसमध्येही पाच जणांच्या मिश्र संघाला एकत्रच पोहोचावं लागायचं. या खेळाचा गाभा तोच आहे.

२. संघ जमवा

सगळ्यात वेगवान मित्र गोळा करण्याचा मोह टाळा. ज्यांचा वेग सारखा आहे आणि जे ‘मला थंडी वाजतेय’ हे वेळेवर, न लाजता सांगतात, असे लोक हवेत. तिघांचा संघ नवख्यांना सोयीचा पडतो. कामं आधीच वाटा: एकाकडे नकाशा, दुसऱ्याकडे घड्याळ आणि खाणं, तिसरा सगळ्यांचे चेहरे आणि हात बघणारा. हे तिसरं काम लोक क्षुल्लक समजतात, पण माझ्या मते तेच सगळ्यात जबाबदारीचं आहे.

३. तीन-चार महिने सराव

आठवड्यातून तीन दिवस तासभर पळणं किंवा सायकल, एक दिवस पायांचा व्यायाम, आणि शनिवार-रविवारी सॅक घेऊन चार-पाच तासांची चाल. बर्फ पडला की स्नोशू भाड्याने घ्या. त्यात पाय थोडे फाकवून टाकावे लागतात, त्यामुळे मांडीच्या आतले आणि कमरेचे स्नायू पहिल्या दिवशी चांगलेच भरून येतात. भुसभुशीत बर्फात पुढे चालणारा वाट तुडवत जातो आणि लवकर दमतो, म्हणून दर दहा मिनिटांनी पुढचा माणूस बदलायची सवय सरावातच लावून घ्या. निदान दोन सराव अंधारात करा. फेब्रुवारीत तिथे संध्याकाळी साडेपाचच्या आसपास दिवस मावळतो.

४. कपडे

सुती काहीही नको, बनियनसुद्धा नाही. सूत घाम धरून ठेवतं आणि ओलं झालं की ऊब देत नाही. अंगालगत मेरिनो लोकरीचा किंवा सिंथेटिक पातळ थर, त्यावर पातळ फ्लीस, वर वारा अडवणारं जॅकेट. जाड पिसांचं किंवा सिंथेटिक भरावाचं जॅकेट सॅकमध्ये सगळ्यात वर ठेवायचं. ते चालताना घालायचं नाही, थांबलं की लगेच घालायचं. रेस सुरू होताना थोडी थंडी वाजलीच पाहिजे. सुरुवातीलाच उबदार वाटत असेल, तर वीस मिनिटांत घामाघूम व्हाल आणि पुढचे आठ तास तो घाम भोगाल.

वाऱ्याचा हिशोब वेगळा ठेवा. उणे १० अंश सेल्सिअस तापमानात ताशी ३० किलोमीटरचा वारा असेल, तर अंगाला उणे २० जाणवतं. जाणवणारं तापमान उणे २८च्या खाली गेलं, तर उघडी कातडी दहा ते तीस मिनिटांत गोठू शकते. डोंगराच्या धारेवर चढण्याआधी, झाडांच्या आडोशातच तोंड झाका आणि जॅकेटची चेन वर ओढा.

हातांसाठी पातळ हातमोजे आणि त्यावर चारही बोटं एकत्र राहणारे जाड मिटन. पातळ मोज्यांचा एक सुका जोड जास्तीचा घ्या. बुटांत दोन-दोन मोजे कोंबू नका. बूट घट्ट झाला की रक्त नीट फिरत नाही आणि बोटं जास्तच गार पडतात.

५. खाणं आणि पाणी

ताशी २०० ते ३०० कॅलरी पोटात गेल्या पाहिजेत, भूक असो वा नसो. थंडीत तहान कळत नाही आणि भूक उशिरा कळते, म्हणून दर अर्ध्या तासाला घड्याळवाल्याने ‘खा’ म्हणायचं आणि सगळ्यांनी चालता चालता खायचं. एनर्जी बार आणि चॉकलेट दगड होतात. गुळाची चिक्की तर दात पाडेल. शेंगदाण्याचे किंवा खजुराचे लाडू सुपारीएवढे वळून आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवले की शेवटपर्यंत मऊ राहतात. मिटन न काढता तोंडात टाकता येतील अशा लहान पिशव्यांत भरा.

नळीच्या पाण्याच्या पिशवीचा भरवसा धरू नका, नळीतलं पाणी आधी गोठतं. वापरणारच असाल, तर प्यायल्यावर नळीत फुंकून पाणी परत पिशवीत ढकला. रुंद तोंडाची बाटली बरी. तिच्यात कोमट पाणी भरा आणि ती लोकरी मोज्यात घालून उलटी ठेवा. बर्फ वरच्या बाजूने धरायला लागतो, त्यामुळे बाटली उलटी असली की झाकणाकडची बाजू मोकळी राहते. हेडलॅम्पमध्ये साध्या अल्कलाइन सेलऐवजी लिथियमचे सेल घाला.

६. नकाशा

सह्याद्रीत होकायंत्र शिकलेल्यांनी इथे नीट लक्ष द्या. महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत फरक जवळजवळ नसतोच, त्यामुळे तो धरायची सवय आपल्याला नसते. व्हरमाँटमध्ये होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेच्या सुमारे १४ अंश पश्चिमेला असते. नकाशावरून काढलेल्या दिशेत ते १४ अंश मिळवले नाहीत, तर एक किलोमीटर चालून तुम्ही चेकपॉइंटपासून जवळपास २४० मीटर बाजूला पोहोचता. गर्द जंगलात तेवढं अंतर म्हणजे अर्धा तास शोधाशोध. मात्र काही ओरिएंटिअरिंगचे (नकाशा-होकायंत्राने ठिकाणं शोधायच्या खेळाचे) नकाशे चुंबकीय उत्तरेलाच जुळवलेले असतात, त्यांवर हे गणित करायचं नाही. नकाशा हातात पडला की आधी उत्तरेचा बाण आणि त्याखालची टीप वाचा.

बर्फाखाली पायवाटा दिसत नाहीत, पण डोंगराचा आकार लपत नाही. समोच्च रेषा वाचून धार, सोंड, घळ, खिंड ओळखता येत असेल, तर अर्धं काम झालं. पानगळ झालेली असल्याने झाडांतून लांबचंही दिसतं, त्याचा फायदा घ्या. सरळ चेकपॉइंटवर नेम धरण्यापेक्षा मुद्दाम थोडं एका बाजूला नेम धरा, ओढा किंवा धार लागेपर्यंत चाला आणि मग ती धरून वळा. गोठलेल्या तळ्यावरून जायचं की नाही हे आयोजक सांगतात. त्यांनी नाही म्हटलं असेल, तर समोर कितीही पावलं उमटलेली दिसोत, वळसा घालूनच जा.

आणि नकाशा चालतानाच वाचायचा. चौघांनी घोळका करून उभं राहणं म्हणजे चौघांनी गारठणं.

७. टप्पा बदलण्याची तालीम

स्नोशू काढून स्की चढवायला नवख्या संघाला सहज पंधरा मिनिटं लागतात. घराच्या अंगणात, मिटन घालून, घड्याळ लावून तालीम करा. क्रम ठरलेला असू द्या: आधी जाड जॅकेट अंगावर, मग तोंडात घास, मग पायाकडे वाकणं. स्नोशूच्या पट्ट्यांवर बर्फ कडक होऊन बसतो आणि उघड्या बोटांनी धातूचं बक्कल ओढलं की बोटं बधिर होतात. प्रत्येक बक्कलला आणि चेनला दोरीचा लांब गोफ बांधून ठेवा, म्हणजे मिटन न काढता ओढता येईल. ज्याचं आधी आवरलं त्याने दुसऱ्याचे पट्टे आवळायचे, फोन काढायचा नाही.

८. रेसच्या दिवशी

पहिला तास मुद्दाम हळू जा, एकमेकांशी बोलता येईल इतकंच. कुणी मागे पडायला लागला की त्याची सॅक दुसऱ्याने घ्यायची, किंवा लवचीक दोरीने त्याला ओढायचं. यात कमीपणा काही नाही, अनुभवी संघ पहिल्या तासापासून हेच करतात.

चेहरे बघणाऱ्याने चार खुणा लक्षात ठेवायच्या: पाय अडखळणं, शब्द जड येणं, हातातून वस्तू निसटणं आणि विनाकारण चिडचिड. शरीराचं तापमान ३५ अंशांखाली जाऊ लागल्याच्या या खुणा असतात. अशा माणसाला ‘ठीक आहेस का’ विचारून उपयोग नाही, तो ठीकच म्हणेल. लगेच आडोसा गाठा, ओले कपडे बदला, जाड जॅकेट आणि टोपी घाला, नीट गिळता येत असेल तर गोड आणि कोमट काहीतरी द्या, आणि आयोजकांना कळवा. कापरं भरणं थांबलं असेल किंवा माणूस गोंधळल्यासारखं वागत असेल, तर संघाची रेस तिथेच संपली.

गालावर किंवा नाकावर पांढरट डाग दिसला तर त्यावर उबदार तळवा ठेवा. चोळू नका, बर्फ तर मुळीच लावू नका.

९. शेवट गाठल्यावर

जेवणाच्या रांगेत उभं राहण्याआधी ओले कपडे बदला. सुक्या कपड्यांची पिशवी गाडीत शोधायला लागू नये, म्हणून ती शेवटच्या ठिकाणीच ठेवून घ्या. बोटं बधिर असतील तर शेकोटी किंवा हीटरला लावू नका, चटका बसलेला कळत नाही. ३७ ते ३९ अंशांच्या कोमट पाण्यात बुडवा, आणि अर्ध्या तासात संवेदना परतली नाही तर तिथल्या डॉक्टरांना दाखवा. बर्फाळ रस्त्यावरून त्याच रात्री तीन तास गाडी चालवत घरी यायचा बेत करू नका. नोंदणी करतानाच जवळपास मुक्कामाची खोली घेऊन ठेवा.