इंग्लिश बोलताना वाक्य कुठे बिघडतं? या चुका टाळा

इंग्लिश बोलायचं म्हटलं की सगळ्यांना टेन्शन असतं ते उच्चारांचं, पण वाक्य बरेचदा बिघडतं ते एकच गोष्ट दोनदा सांगितल्यामुळे. 'आय डिडन्ट वेन्ट' घ्या. मराठीत 'मी गेलो नाही' म्हणताना भूतकाळ 'गेलो'मध्येच असतो ना, म्हणून तोंडात 'वेन्ट' येतं, पण इंग्लिशमध्ये 'डिड' आलं की भूतकाळाचं काम तिथेच झालं, पुढे साधं 'गो' लावायचं. तसंच 'शी डजन्ट नोज' नाही, 'शी डजन्ट नो', कारण तो एस 'डज'ने आधीच घेतलाय. 'मोअर बेटर', 'रिटर्न बॅक', 'डिस्कस अबाउट' ही त्याच खानदानातली मंडळी. आणि 'ऑलदो'ने सुरुवात केली तर मधे 'बट' नको. ती आपली जरी-तरीची सवय, इंग्लिशला दोघांपैकी एकच पुरतो.

दुसरा घोळ 'पासून'चा. आपण 'तीन वर्षांपासून' पण म्हणतो आणि '२०१९ पासून' पण, मग दोन्हीकडे 'सिन्स' ठोकून देतो. कधी सुरू झालं ते सांगायचं असेल तर 'सिन्स २०१९', किती काळ झाला ते सांगायचं असेल तर 'फॉर थ्री इयर्स'. शिवाय 'आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स थ्री इयर्स' मध्ये काळही चुकलाय, 'आय हॅव बीन लिव्हिंग हिअर फॉर थ्री इयर्स' असं हवं. उलट 'यस्टर्डे', 'लास्ट वीक' असं काही आलं की 'हॅव' काढून टाका, 'आय हॅव सीन हिम यस्टर्डे' चालत नाही, 'आय सॉ हिम यस्टर्डे'.

'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स' पण नको. 'हॅव'चा अर्थ जवळ असणं, नातं असणं असा असेल तर आयएनजी लागत नाही. 'वी आर हॅविंग लंच' मात्र बरोबर, तिथे प्रत्यक्ष काहीतरी चालू आहे.

आर्टिकलमध्ये 'द'चे बारकावे सुरुवातीला सोडले तरी चालतील, पण 'अ' आणि 'ॲन' सोपंय, शब्द देवनागरीत लिहून बघा. 'अवर' (म्हणजे तास) स्वराने सुरू होतो म्हणून 'ॲन अवर', 'युनिव्हर्सिटी' य ने, म्हणून 'अ युनिव्हर्सिटी'. 'एमबीए'ला 'ॲन', स्पेलिंग एम ने सुरू होत असलं तरी.

प्रश्न विचारताना मराठीत शब्दांची जागा फारशी हलत नाही, त्यामुळे 'व्हॉट यू आर डुइंग?' निघतं, हवं 'व्हॉट आर यू डुइंग?'. गंमत म्हणजे हे पक्कं झालं की लोक दुसऱ्या टोकाला जातात आणि 'आय डोन्ट नो व्हेअर इज ही' म्हणायला लागतात. प्रश्न दुसऱ्या वाक्याच्या पोटात गेला की क्रम परत सरळ होतो: 'आय डोन्ट नो व्हेअर ही इज'.